संशोधक शंकर आबाजी भिसे

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी भारताचे ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरले. पुढे काही तासांनी त्याच्या पोटातून सहा चाकांची, सव्वीस किलो वजनाची ‘प्रज्ञान’ नावाची लहानशी गाडी उतरणीवरून हळूहळू खाली आली व चंद्राच्या मातीवर चालू लागली. चार दिवसांनी, म्हणजे २७ ऑगस्ट रोजी, तिच्या वाटेवर सुमारे चार मीटर रुंदीचा खड्डा आला. गाडी त्याच्यापासून तीन मीटरांवर होती. तिच्या नेत्रांनी, म्हणजे कॅमेऱ्यांनी, तो खड्डा टिपला. पृथ्वीवर बसलेल्या शास्त्रज्ञांनी तिला मागे फिरण्याची आज्ञा दिली. आणि गाडी निमूटपणे वळून दुसऱ्या वाटेने निघाली. जेथे मनुष्यास जाणे कठीण, तेथे जाऊन मनुष्याचे काम करणाऱ्या अशा यंत्रास आज आपण रोबो म्हणतो, आणि त्याची विद्या शाळेतील मुलांसही शिकविली जाते.

रोबो हे नाव नवे असले तरी त्यामागील विचार तितका नवा नाही. यंत्राने आपल्या भोवतीची स्थिती जाणावी, तिजवरून पुढे काय करावयाचे ते ठरावे, आणि ते यंत्रानेच करावे, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे रोबोचे बीज असते. जाणणे, ठरणे व करणे या तीन गोष्टींची सांगड घालण्याच्या ध्यासात ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, असा एक मराठी गृहस्थ सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे. अमेरिकेत लोक त्यास हिंदुस्थानचा एडिसन म्हणू लागले होते. परंतु आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांस त्याचे नावही ठाऊक नसते. यास्तव त्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. त्या काळी मुंबईत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहात होती, आगगाडी सुरू होऊन चौदा वर्षे झाली होती, आणि छापखान्यांचा धंदा जोमाने वाढत होता. छापखान्यांविषयी येथे दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे, कारण शंकररावांच्या चरित्राशी त्यांचा निकट संबंध आहे. देवनागरी अक्षरांचे सुबक खिळे पाडण्याचे काम मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी मोठ्या कौशल्याने केले होते. त्यांच्याच हाताखाली जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा ही कला शिकला. त्याने १८६४ साली खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरची पुस्तके पुढे काशीपर्यंत नावाजली गेली. अशा या शहरात शंकर लहानाचा मोठा झाला.

लहानपणापासून शंकरचे मन पाठांतरापेक्षा हाताच्या कामात अधिक रमे. एखादी वस्तू कशी चालते हे नुसते पाहून त्याचे समाधान होत नसे. ती आपणांस करिता येईल काय, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने दगडी कोळशापासून दिव्याचा वायू तयार करण्याचे लहानसे उपकरण घरीच बनविले. मुंबईच्या रस्त्यांवर त्या काळी असल्याच वायूचे दिवे जळत. हजारो माणसे त्या दिव्यांखालून ये-जा करीत. परंतु हा प्रकाश येतो कोठून, आणि तो आपल्या घरी निर्माण करिता येईल का, असे विचारणारे फारच थोडे. शंकर त्या थोड्यांपैकी होता.

त्याच्या हाती त्या वेळी ना प्रयोगशाळा होती, ना शिकविणारा कोणी यंत्रज्ञ. अमेरिकेत निघणारे ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक मात्र त्याच्या वाचनात येई, आणि यंत्रशास्त्राचे आपले बरेचसे ज्ञान त्याने त्याच्याच पानांतून मिळविले. सोळाव्या वर्षी त्याच्या मनाने असे घेतले की, आपण इंग्लंडास अगर अमेरिकेस जावे व शोध लावणे हाच आपला व्यवसाय करावा. सरकारी नोकरी ही ज्या काळी सुशिक्षित तरुणाच्या आकांक्षेची परमावधी समजली जाई, त्या काळी एका सामान्य घरातील मुलाने असा निश्चय करावा, ही गोष्ट लहान नव्हे.

निश्चय झाला तरी पोटाची सोय पाहणे भाग होते. शंकरराव मुंबईस सरकारी कचेरीत नोकरीस लागले. दिवसा कचेरीतील आकडेमोड आणि उरलेल्या वेळी यंत्रांचे आराखडे, असा त्यांचा क्रम असे. परंतु एकट्यानेच ज्ञान मिळवून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. समानशील मित्र जमवून त्यांनी मुंबईत ‘सायंटिफिक क्लब’ काढला, आणि यंत्रांची व कलांची माहिती मराठी वाचकांस मिळावी म्हणून ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मासिक चालविले. शास्त्रीय विषय इंग्रजीतच शिकावयाचे, अशी समजूत दृढ असता यंत्रविद्या आपल्या भाषेत आणण्याची त्यांनी केलेली ही खटपट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास दृष्टिभ्रमाचे खेळ रचण्यात त्यांनी मोठे प्रावीण्य संपादिले. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एक घन वस्तू पालटून तिच्या जागी दुसरीच दिसू लागावी, अशी योजना त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने केली होती. पाहणारास ही जादू वाटे. परंतु तिच्यात मंत्र नव्हता की तंत्र नव्हते, प्रकाशाच्या नियमांचा चतुराईने केलेला उपयोग तेवढा होता. इंग्लंडात मँचेस्टर येथे हे प्रयोग झाले तेव्हा तेथील जाणत्या लोकांनीही त्यांची वाहवा केली.

शंकररावांच्या आयुष्यास खरी कलाटणी मात्र मिळाली ती १८९७ च्या सुमारास. संशोधकांसाठी चालविल्या जाणाऱ्या लंडनच्या एका नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र कोणी सुचवील काय, असा प्रश्न होता. प्रश्न दिसावयास सोपा, परंतु उत्तर कठीण. आपल्या मांजरीच्या उपबाजारात भाजी तोलली जाताना विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. पूर्वीच्या तराजूवर तोलणारा माणूस एका पारड्यात वजन ठेवी, दुसऱ्यात माल टाकी, काट्यावर नजर ठेवी, आणि काटा मध्यावर येताच हात आखडता घेई. यात नजर जाणण्याचे काम करी, बुद्धी ठरविण्याचे, आणि हात करण्याचे. आता या तिन्ही कामांतून माणूस वगळावयाचा, म्हणजे पारडे पुरते भरताच त्याच्याच भाराने मालाचे दार मिटले पाहिजे. जरा आधी मिटले तर गिऱ्हाइकाचे नुकसान, जरा उशिरा मिटले तर दुकानदाराचे. शिवाय दार मिटत असताना जो माल हवेत पडत असतो, त्याचाही हिशेब आधीच धरावा लागतो.

शंकरराव या कोड्याने बेचैन झाले. एके रात्री घरात येरझारा घालीत असता त्यांस युक्ती सुचली आणि त्यांनी तिचा आराखडा काढला. तो लंडनला पाठविण्यात आला आणि इंग्रज स्पर्धकांच्या सर्व आराखड्यांवर ताण करून तोच पहिला ठरला. ज्याने विलायतेतील एकाही कारखान्यात उमेदवारी केली नव्हती, अशा मुंबईच्या एका कारकुनाने तेथील यंत्रज्ञांस त्यांच्याच मैदानात मागे टाकावे, याचे तेथील लोकांस मोठे नवल वाटले.

या यशाने शंकररावांचा विलायतेस जाण्याचा मार्ग मोकळा झाला. राष्ट्रीय सभेचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांस दादाभाई नवरोजी यांच्या नावे ओळखपत्र दिले. दादाभाई म्हणजे १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. हिंदुस्थानचे दारिद्र्य कशाने वाढले याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि देशात उद्योगधंदे वाढल्यावाचून ते हटणार नाही हे ते जाणून होते. शंकररावांच्या ठिकाणी त्यांस या कार्याचा एक शिलेदार दिसला असल्यास नवल नाही. त्यांनी या तरुणास नुसती शाबासकी दिली नाही; त्याच्या शोधांस भांडवल मिळावे म्हणून स्वतः करार केला व आपला पैसा घातला.

लंडनमध्ये शंकररावांची प्रतिभा अनेक दिशांनी प्रकट झाली. विजेच्या दिव्यांनी जाहिरात दाखविणारी एक योजना त्यांनी केली व ती तेथील सुप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. स्वयंपाकघरातील साधने, टेलिफोन, आपोआप धुऊन निघणारे शौचकूप, अशा नाना वस्तूंवर त्यांनी कल्पना लढविल्या. त्यांच्या सर्व शोधांची संख्या सुमारे दोनशे सांगितली जाते, आणि त्यांतील चाळिसांवर शोधांची पेटंटे त्यांनी घेतली होती. परंतु ज्या एका यंत्रासाठी त्यांनी जिवाचे रान केले, ते यंत्र म्हणजे छापण्याचे खिळे ओतण्याचे यंत्र.

विद्यार्थ्यांस खिळे आता पाहावयास मिळत नाहीत. सुमारे १९८० पर्यंत आपल्याकडील बहुतेक पुस्तके व वर्तमानपत्रे धातूच्या खिळ्यांनी छापली जात. शिसे, सुरमा व कथील यांचा रस साच्यात ओतावयाचा. साच्याच्या तोंडाशी अक्षराची खोदलेली मातृका असावयाची. रस थंड झाला की एक खिळा तयार. असे हजारो खिळे खणाखणांच्या पेटीत भरून ठेवीत, आणि जुळारी एकेक उचलून त्यांच्या ओळी लावी. आपल्या देवनागरीत काने, मात्रा व जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. १८८६ साली ओट्मार मेर्गेनथालर याचे लायनोटाइप यंत्र न्यूयॉर्क येथील वर्तमानपत्रात सुरू झाले. ते संबंध ओळच एका तुकड्यात ओती. त्याच सुमारास टॉल्बर्ट लॅन्स्टन याने मोनोटाइप यंत्र काढले. ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेऊन सुटी अक्षरे ओती. छिद्रांच्या रूपाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राने वाचाव्या आणि त्याप्रमाणे वागावे, ही कल्पना आजच्या रोबोच्या आज्ञावलीची वडीलधारी बहीणच म्हणावयाची.

या दोन बलाढ्य यंत्रांच्या स्पर्धेत शंकररावांनी उडी घेतली. त्या वेळचे मोनोटाइप यंत्र मिनिटास साधारण दीडशे खिळे ओती. याहून पुष्कळ वेगाने खिळे पाडता येतील हे जाणत्या लोकांस अशक्य वाटे, आणि त्यास कारणही तसेच होते. धातूचा रस लवकर थंड होत नाही; घाई केली तर खिळा पोकळ राहतो अगर वाकतो. एका साच्याची गती वाढविण्यापेक्षा अनेक साच्यांत एकाच वेळी ओतकाम करावे, आणि ओतणे, थंड करणे, बाहेर काढणे ही सर्व कामे यंत्राने आपली आपण ओळीने करावी, या दिशेने त्यांचा विचार चालला. अशा प्रयत्नांतून सिद्ध झालेले त्यांचे यंत्र ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखले गेले. त्याची गती मिनिटास बाराशे खिळ्यांपर्यंत सांगत.

यंत्र उत्तम ठरले, पण एवढ्याने कार्यभाग साधत नाही. एक नमुना चालवून दाखविणे निराळे, आणि शेकडो यंत्रे घडवून बाजारात आणणे निराळे. त्यास कारखाना पाहिजे, कुशल कारागीर पाहिजेत, आणि यश येईपर्यंत धीर धरणारे भांडवल पाहिजे. ज्या कंपन्यांचा जम बसला होता त्या नव्या प्रतिस्पर्ध्यास सहजासहजी वाट कशी देणार? दादाभाई वृद्ध झाले होते. १९०७ साली ते विलायत सोडून स्वदेशी परतले आणि त्यांच्याकडून येणारा पैसाही आटला. हेन्री हाइंडमन या इंग्रज पुढाऱ्याने मोठी रक्कम मिळवून देण्याचे आश्वासन दिले, परंतु ते पुरे झाले नाही. अखेर १९०८ च्या डिसेंबरात शंकररावांनी लंडनमधील कारखान्यास कुलूप लावले व जड अंतःकरणाने ते मुंबईच्या आगबोटीत बसले.

मनुष्याने हिंमत सोडली नाही तर दैवही कधी कधी त्यास हात देते. त्याच आगबोटीवर पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. गणिताचे अध्यापक म्हणून नावाजलेल्या गोखल्यांस या यंत्राचे मर्म कळावयास वेळ लागला नसेल. त्यांनी मुंबईस आल्यावर जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांजकडे शंकररावांची शिफारस केली. रतन टाटा हे उदार वृत्तीचे गृहस्थ होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजास आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले होते. त्यांनी पैसा पुरविण्याचे मान्य केले आणि १९१० साली ‘टाटा–भिसे’ या जोडनावाने मंडळ स्थापन होऊन शंकरराव पुन्हा लंडनला गेले.

पुढील चार वर्षे त्यांनी यंत्रात सुधारणा करण्यात घालविली. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर खर्च वाढे, आणि यंत्र परिपूर्ण झाल्यावाचून ते बाजारात आणावयाचे नाही हा तर शंकररावांचा बाणा. इतक्यात १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. इंग्लंडातील कारखाने तोफा व दारूगोळा करण्यास जुंपले गेले. नव्या यंत्रास कोण विचारतो? टाटांचे साहाय्यही थांबले. दुसऱ्यांदा सर्व डाव उधळला गेला.

अशा वेळी सामान्य मनुष्य नशिबास बोल लावून घरी परत आला असता. शंकरराव त्या वेळी पन्नाशीला टेकले होते. तथापि १९१६ साली ते अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क शहरी त्यांनी तिसऱ्यांदा मांडणी केली. सोळाव्या वर्षी केलेला निश्चय त्यांनी अशा रीतीने तडीस नेला. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राची ‘आयडियल’ नावाची नवी रचना केली व ती विकण्यासाठी कंपनी काढली. रसायनशास्त्रातही त्यांनी हात घातला. कपडे धुण्याचे एक मिश्रण त्यांनी तयार केले, आणि आयोडिनापासून ‘ॲटोमिडीन’ नावाचे औषध बनविले. ते औषध अमेरिकेत पुष्कळ खपले. ज्या यंत्रासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्याने त्यांस कीर्ती दिली, पण स्थैर्य दिले ते या लहानशा बाटलीने, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

१९३० च्या डिसेंबरात शंकररावांची व थॉमस एडिसन यांची भेट झाली. एडिसन त्या वेळी ८३ वर्षांचे होते व पुढच्याच वर्षी निवर्तले. ज्या देशाच्या नियतकालिकातून मुंबईतील एका मुलाने यंत्रविद्येचे धडे घेतले, त्याच देशाच्या सर्वश्रेष्ठ संशोधकासमोर तो मुलगा आता स्वतः संशोधक म्हणून बसला होता. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे शंकररावांचे देहावसान झाले. अडुसष्ट वर्षे पुरी होण्यास तेव्हा बावीस दिवस उणे होते.

शंकररावांच्या हयातीतच ‘रोबो’ हा शब्द जन्मास आला, हे येथे सांगितले पाहिजे. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकात तो प्रथम आला. शब्द सुचविला तो त्याच्या भावाने. चेक भाषेत त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. माणसाची वेठ वाहणारे कृत्रिम मजूर, अशी त्या नाटकातील कल्पना. १९२२ साली ते नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर झाले. त्या वेळी शंकररावांचे वास्तव्य त्याच शहरी होते. पुढे १९६१ साली अमेरिकेत न्यूजर्सी येथील मोटारींच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक रोबो कामास लागला. त्यास दिलेले पहिले काम कोणते, तर साच्यातून निघालेले धातूचे तप्त ओतीव तुकडे उचलण्याचे! धातू ओतण्याच्या ज्या जाचक कामातून माणसाचा हात सोडवावा म्हणून शंकरराव झटले, तेच काम रोबोच्या वाट्यास प्रथम आले.

तेथून अंतराळ फार दूर नव्हते. १९७० च्या नोव्हेंबरात रशियाची ‘लुनोखोद’ ही चाकांची गाडी चंद्रावर उतरली व पृथ्वीवरील चालकांच्या आज्ञेने दहा किलोमीटरांहून अधिक चालली. चंद्रावर आज्ञा पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मंगळावर मात्र तीच आज्ञा जाण्यास तीन ते बावीस मिनिटे लागतात. तोवर गाडी खड्ड्यात गेली तर कोण वाचविणार? म्हणून २०२१ साली मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ या अमेरिकन गाडीस वाटेतील दगड पाहून स्वतःच मार्ग निवडण्याची शक्ती दिली आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२० च्या जानेवारीत ‘व्योममित्रा’ नावाची, स्त्रीच्या रूपाची यंत्रपुतळी जगापुढे आणली, ती मनुष्यास अंतराळात पाठविण्यापूर्वी त्या प्रवासाची परीक्षा पाहावी म्हणून. तराजूचे दार योग्य क्षणी मिटावे यासाठी येरझारा घालणारा मुंबईचा कारकून आणि मंगळावरील गाडीस वाट निवडावयास शिकविणारे शास्त्रज्ञ यांचा प्रश्न मुळात एकच आहे: माणूस जवळ नसता यंत्राने योग्य तेच कसे करावे?

विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाची ओळख करून घेण्यास तुम्हांस चंद्रावर जावयास नको. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा पाहा. पाणी चढते तसा तो चढतो, आणि टाकी भरताच त्याच्या दांडीने तोटी बंद होते. येथे जाणणारा गोळा आहे, ठरविणारी दांडीची लांबी आहे, आणि करणारी तोटी आहे. वीज नाही, संगणक नाही, तरी टाकी ओसंडत नाही. पुठ्ठा, दोरा, एक लहान डबा व मूठभर वाळू घेऊन असेच आपोआप मिटणारे दार तुम्ही स्वतः करून पाहा. पहिल्या खेपेस वाळू सांडेल, दुसऱ्या खेपेस दार अडकेल, आणि पाचव्या खेपेस जेव्हा ते नेमके मिटेल तेव्हा पुस्तकाच्या दहा पानांत जे कळत नाही ते तुम्हांस कळून चुकेल. त्यानंतर शाळेतील संचावर मोटार, दिवा व संवेदक जोडून गाडी चालवू लागलात म्हणजे तुम्ही नुसते खेळणे चालवीत नसून एका जुन्या विद्येची पुढची पायरी चढत आहात, हे ध्यानात येईल.

पालकांसही या चरित्रात काही सांगावयाचे आहे. शंकररावांच्या अंगी बुद्धी होती, चिकाटी होती. उणे पडले ते आधाराचे सातत्य. दादाभाई, गोखले, टाटा या थोर पुरुषांनी हात दिला म्हणूनच ते इतके पुढे गेले, आणि दोन वेळा तो आधार मध्येच सुटला म्हणून त्यांचे यंत्र आपल्या देशात नांदू शकले नाही. आज काळ पालटला आहे. २०१६ पासून सुरू झालेल्या सरकारी योजनेतून देशातील दहा हजारांवर शाळांत अटल प्रयोगशाळा निघाल्या असून तेथे मुले रोबो जोडतात. आपली मांजरी पुणे शहरात मोडू लागली आहे आणि शेजारच्या हडपसर-मुंढव्याकडे लहानमोठे कारखाने आहेत. जे साधन शंकररावांस सातासमुद्रांपलीकडे शोधावे लागले, त्यातील पुष्कळसे आज सायकलच्या टप्प्यात आहे. परंतु मुलाने बंद पडलेले घड्याळ उघडले तर त्यास मोडतोड म्हणावयाचे की अभ्यास, हे अद्याप घरातच ठरते. विजेच्या वस्तूंपासून त्यास जपावे, हे खरे. पण मोडके घड्याळ, जुने कुलूप अगर निकामी खेळणे त्याच्या हाती खुशाल द्यावे, आणि ते पुन्हा जोडताना दोन स्क्रू उरले तर रागावू नये. त्यांची जागा शोधावयास त्यास आणखी एक संध्याकाळ द्यावी.

लायनोटाइप गेले, मोनोटाइप गेले, आणि भिसोटाइपही इतिहासजमा झाले. खिळ्यांची अक्षरे गेली आणि प्रकाशाची अक्षरे आली. यंत्रे अशीच येतात व जातात. चौदाव्या वर्षी घरातल्या घरात कोळशापासून प्रकाश काढणाऱ्या मुलाची जिज्ञासा मात्र जुनी होत नाही. ती आपल्या शाळेतील एखाद्या मुलात अगर मुलीत आजही असेल. तिला ओळखणारे वडीलधारे लाभावेत व तिचा आधार मध्येच सुटू नये, हीच शंकररावांच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.